तेवीस साकव, एक वीत

सुपारीची अकरा खोडं, ऐनाचे चार दांडे, बांबूचे नऊ तुकडे आणि वेलीच्या दोन गुंडाळ्या. आंबेखोलच्या व्हाळाच्या काठी एका मोठ्या कातळाच्या पाठीवर हा ढीग नीट रचून, वर माडाची झावळं टाकून ठेवलेला होता. मी तो मोजला आणि वहीच्या शेवटच्या, ‘इतर नोंदी’ नावाच्या रकान्यात लिहिलं: लाकडाचा ढीग, पायवाटेपासून वरच्या अंगाला ३८ मीटर. मग खाली पायवाटेवर आले आणि टेपचं दुसरं टोक धरायला कोणी मिळतं का ते पाहू लागले.

फेब्रुवारीचे शेवटचे दिवस होते. व्हाळ म्हणजे ओढा, पण आत्ता त्यात पाणी नव्हतं. गोल गोटे आणि मध्ये एक ओलसर पट्टा, एवढंच. पलीकडे रातांब्याच्या सावलीत एक म्हातारा बसला होता. सत्तरीच्या पुढचा, सडसडीत, कमरेला कोयती. बराच वेळ तो माझ्याकडे पाहत होता.

“खंयसून इलात, बाय?”

“बांधकाम खात्यातून. व्हाळाची रुंदी मोजायची आहे. हे टोक धराल का, आजोबा?”

“धरतंय. माका दुसरा काय काम आसा?” तो उठला, टेपचं टोक घेऊन पलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिला. “गेल्या वर्साक एक इल्लो, तेनाय मोजल्यान. तेच्या आदल्या वर्साक एक इल्लो, तेनाय मोजल्यान. व्हाळ पळता काय खंय?”

“सहा मीटर चाळीस सेंटिमीटर,” मी वाचलं.

“गेल्या वर्साकय तेवडोच हुतो,” तो समाधानाने म्हणाला.

त्याचं नाव पुनाजी गवस. वाडीत सगळे त्याला आबा म्हणत. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मिरजेत भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती आणि दक्षिण कोकणातल्या एका तालुक्याच्या बांधकाम उपविभागात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर लागले होते. काम सरळ होतं. तालुक्यात तेवीस व्हाळांवर पक्के साकव बांधायला एकत्र मंजुरी मिळाली होती. साकव म्हणजे पायी जाण्यापुरता अरुंद पूल. प्रत्येक व्हाळाशी जायचं, रुंदी, खोली, काठाची माती, जवळच्या रस्त्यापासूनचं अंतर, सगळं लिहायचं. आंबेखोल तेविसावं होतं, आणि सगळ्यांत लांब. गाडीरस्ता संपला की सव्वादोन किलोमीटर चढ.

आबाची सून उज्ज्वलाताई वाडीची अंगणवाडी सेविका होती. तिने मला ओसरीवर बसवलं, पाण्याबरोबर गुळाचा खडा दिला आणि माझ्या वहीकडे पाहून स्वतःची वही बाहेर काढली. मोजणाऱ्या माणसाला मोजणारं माणूस भेटलं की दोघांना बरं वाटतं.

“चौदा घरं, एकसष्ट माणसं,” ती म्हणाली. “शाळा चौथीपर्यंत. पाचवीला व्हाळ ओलांडून मोठ्या गावात जायचं. गेल्या साली आमची दोन पोरं पाचवीत होती. जून ते सप्टेंबर शाळा भरली शहाऐंशी दिवस. दोघांची हजेरी बावन्न-बावन्न.”

“पावसात ये-जा बंदच होते?”

“लाकडाचा साकव घालतात की दर वर्षी. पण पाणी चढलं की तो हलतो. मोठी माणसं जातात जीव मुठीत धरून. पोरांना कोण पाठवणार?” ती वही मिटत म्हणाली, “माझी कस्तुरी तिसरीत आहे. पुढच्या वर्षी चौथी, आणि त्याच्या पुढच्या जूनला पाचवी. तोवर पक्का झाला तर घरून जाईल. नाहीतर कुडाळला मामाकडे ठेवायची.”

“मामा चांगला नाही?”

“मामा चांगला, मामी त्याहून चांगली. पण माझी पोर माझ्याच घरी दिवाळीला पाहुणी म्हणून यायला नको.” तिने माझा फोन नंबर वहीत लिहून घेतला. “दोनदा मंजूर झाला होता आमचा साकव. दोन्ही वेळा ठेकेदारच आला नाही.”

मी घाईने म्हणाले, “या वेळी होईल.” मग वाटलं, हे मोजलेलं नाही.

मेच्या मध्यापर्यंत माझी तेवीस पानं तयार झाली. प्रश्न होता, काम द्यायचं कसं.

आमच्या उपअभियंता केळुसकर मॅडम पन्नाशीच्या होत्या. फाईल वाचताना चिवडा खायच्या, त्यामुळे त्यांनी काळजीपूर्वक वाचलेली फाईल कोणती ते पानांवरच्या तेलाच्या बोटांवरून कळायचं. पाच जूनला जिल्ह्याच्या ऑफिसात बैठक होती. तेवीस कामं कोणत्या पद्धतीने द्यायची ते तिथे ठरायचं होतं, आणि त्यासाठीची टिपणी मॅडमनी माझ्याकडे दिली होती.

शाखा अभियंता तावडे म्हणत होते, यात ठरवायचं काय? आपण आराखडा काढायचा, तेवीस वेगळ्या निविदा काढायच्या, ज्याचा दर कमी त्याला काम. एक साकव, एक फाईल. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि आयुष्यभर त्यांनी तसंच केलं होतं.

“आणि आंबेखोलला कोण येणार?” मॅडमनी विचारलं.

उत्तर दारातून आलं. सायमन डान्टस, तालुक्यातले जुने ठेकेदार, कुठल्याशा बिलासाठी येऊन उभे होते. “मी तरी नाही, मॅडम. सिमेंटची गोणी सव्वादोन किलोमीटर डोक्यावरून. एका साकवासाठी मिक्सर चढवा, माणसं चढवा, दोन महिन्यांनी उतरवा. वेड लागलं नाही मला अजून.”

“मग काय केलं तर जाल?”

“त्या डोंगरातले सगळे एकदम द्या. मग मी तिथे झोपडी घालून राहतो. बायकोलाही जरा बरं वाटेल.”

मी तेच म्हणत होते. तेवीस साकवांचा एकच गठ्ठा करायचा. लांबचे आणि जवळचे एकाच करारात, म्हणजे लांबचा टाळता येणार नाही. आणि एकाच मोठ्या कंपनीला आराखडा आणि बांधकाम दोन्ही द्यायचं, म्हणजे उद्या काही चुकलं तर आराखडेवाला बांधणाऱ्याकडे आणि बांधणारा आराखडेवाल्याकडे बोट दाखवणार नाही. मी त्यासाठी एक तक्ता केला होता. वेळ, दर्जा, जबाबदारी, लांबच्या वाड्या असे चार निकष, प्रत्येकाला वजन, आणि शंभरपैकी गुण. गठ्ठ्याला चौऱ्याऐंशी. तावड्यांच्या पद्धतीला एक्कावन्न.

“आराखडाही त्यांचा?” तावडे म्हणाले. “मग आपण काय करायचं? फोटो काढायचे?”

“तुम्ही फोटो चांगले काढता, तावडे,” मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “कंपनी आराखडा कशावरून करणार?”

“माझ्या मापांवरून. सोबत जोडली आहेत. सेंटिमीटरपर्यंत बरोबर आहेत.”

“आणि तावड्यांनी केला तर?”

“तेही माझ्याच मापांवरून.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि पानावर एक तेलकट बोट उमटलं. मला ती शाबासकी वाटली.

शनिवारी उज्ज्वलाताईचा फोन आला. “उद्या साकव घालायचा आहे. मिरगाच्या आठ दिवस आधीचा रविवार असतो आमचा. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या आहेत. या जेवायला.”

मी मॅडमना विचारायला गेले. बैठकीला पाच दिवस होते.

“जा की. मीही येते,” त्या म्हणाल्या. “काळ्या वाटाण्याचं सांबारं कोण सोडतं? डान्टसनाही बोलवा. त्या सव्वादोन किलोमीटरची फार जाहिरात करतात, एकदा चालून दाखवू देत.”

डान्टस चालले. चढावर चार वेळा थांबले आणि चारही वेळा ‘देखावा बघतोय’ म्हणाले. आम्ही व्हाळाशी पोचलो तेव्हा पायवाटेवर कोणी नव्हतं. आवाज वरून येत होते. कातळांमागे गेलो तर आख्खी वाडी तिथे. प्रत्येक घरातलं एक माणूस, असे चौदा जण. फेब्रुवारीत मी मोजलेला ढीग सोडला होता आणि एकेक खोड दोराने पलीकडे ओढलं जात होतं.

मला वाटलं, जागा चुकली यांची.

“आबा,” मी हाक मारली, “पायवाट तर खाली आहे. साकव इथे का?”

आबाने हातातला दोर दुसऱ्याकडे दिला आणि जवळ आला. “ती उन्हाळ्याची वाट, बाय. पावसात थयसर व्हाळ नसता, दर्या असता.” त्याने कोयतीच्या टोकाने खाली दाखवलं. “त्या काजीपासून थेट शेताच्या मेरेपर्यंत पाणीच पाणी.”

मी खाली गेले आणि काजूच्या झाडापासून शेताच्या बांधापर्यंत टेप लावला. एकतीस मीटर. त्याच्या बरोबर मध्ये माझे सहा मीटर चाळीस सेंटिमीटर होते. ते उन्हाळ्यातल्या ओल्या पट्ट्याचं माप होतं, सेंटिमीटरपर्यंत बरोबर.

वर आले तेव्हा आबा कातळावर उकिडवा बसला होता. तिथे दोन मोठे कातळ समोरासमोर आले होते आणि सगळ्या पाण्याला त्यांच्यामधूनच जावं लागत होतं. मधलं अंतर नऊ मीटर दहा. दोन्ही कातळांच्या खांद्यांवर दोन-दोन खोबणी खणलेल्या होत्या, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. ऐनाच्या दांड्यांची टोकं त्यांत चपखल बसत होती.

“माझ्या आज्यान खणलेली,” आबा म्हणाला. “पाणी कितीय इला तरी हेच्या खाली वीतभर येवन थांबता. माझ्या जल्मात तेच्यावर चडूक नाय.”

“तुमची वीत किती?”

“म्हंजे?”

“हात पसरा.”

त्याने कातळावर पंजा पसरला. मी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत टेप लावला. “बावीस सेंटिमीटर.” दोर धरलेली माणसं हसायला लागली. कोणीतरी म्हणालं, “आबा, आता पँट शिवतली ती तुमका.”

“आबा,” मी विचारलं, “हे तुम्ही मला फेब्रुवारीत का नाही सांगितलं?”

त्याला खरंच नवल वाटलं. “तुमी रुंदी इचारलात, मी टेप धरलंय. साकव खंय घालतत, ह्यां इचारलां असतां तर तां सांगलंय असतंय.”

मी कातळावर बसले आणि वही उघडली. ‘इतर नोंदी’ हा रकाना मी स्वतःच्या हौशीपोटी केला होता. ऑफिसच्या नमुन्यात तो नव्हताच. झाडं, विहिरी, पक्षी, काय काय लिहिलं होतं. आता मी फक्त एकच गोष्ट शोधत पानं उलटली. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

“काय बघतेस?”

“लाकडाचे ढीग. तेवीसपैकी एकोणीस ठिकाणी मी ते लिहिलेत. म्हणजे दर वर्षीच्या साकवाचं लाकूड. ते लोक पाण्याच्या वर, साकवाच्या जागीच रचून ठेवत असणार.” मी बेरीज दोनदा केली. “चार ठिकाणी ढीग मी मोजलं तिथेच आहे. पंधरा ठिकाणी लांब आहे. बारा मीटरपासून एकशे चाळीस मीटरपर्यंत.”

“आणि उरलेले चार?”

“ढीग दिसला नाही. किंवा मी शोधला नाही.”

“म्हणजे किमान पंधरा ठिकाणी आपण साकव भलत्या जागी बांधला असता.”

“हो.”

“तक्ता काय म्हणतो आता?”

“तक्ता अजूनही चौऱ्याऐंशी आणि एक्कावन्नच म्हणतो, मॅडम. जागा चुकली म्हणून दोन्हींत वाटाण्याएवढाही फरक पडत नाही. तावडेसाहेबांनी आराखडा काढला असता तर पंधरा साकव चुकीच्या जागी गेले असते, वेगवेगळ्या पंधरा ठेकेदारांकडून. माझ्या पद्धतीने गेले असते एकाच कंपनीकडून, आणि लवकर.”

मॅडम हसल्या. मला हसू येत नव्हतं. समोर उज्ज्वलाताई खोडांवर आडवे बांबू बांधणाऱ्यांना वेलीचे तुकडे कापून देत होती आणि मध्येच आमच्याकडे पाहत होती. तिला कळलं होतं की काहीतरी घोळ झाला आहे. घोळ निस्तरला नाही तर आंबेखोलचं काय होणार, तेही तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. ती उठून आली.

“आमचा पुन्हा राहणार का?”

मॅडमनी डान्टसकडे पाहिलं. ते दोन कातळांमधून खाली वाकून पाहत होते.

“मी पंचवीस वर्षं साकव बांधतो,” ते शेवटी म्हणाले. “नोव्हेंबरात येतो, मेमध्ये जातो. पावसात आमचं काम बंद. भरलेला व्हाळ मी एकदाही पाहिला नाही, मॅडम. एकदाही नाही.”

“आम्ही तरी कुठे पाहिला?” मॅडम म्हणाल्या. “आमचीही मोजणी बंद.”

तेव्हा मला एकदम सुचलं. खरं तर सुचलं असं नाही, समोरच उभं होतं. अकराच्या अकरा खोडं आता दोन कातळांवर आडवी पडली होती आणि त्यांवरून दोन माणसं चालत पलीकडे जात होती.

“मॅडम, हे लोक दसऱ्यानंतर हा साकव सोडून लाकूड रचून ठेवतात ना? म्हणून नोव्हेंबरात येणाऱ्याला मी पाहिलं तेच दिसणार, कोरडा व्हाळ आणि एक ढीग. पण जून ते सप्टेंबर तेवीसच्या तेवीस साकव बरोबर जागच्या जागी उभे असतात. ज्यांना बांधायचंय त्यांना तेव्हा फिरवलं तर?”

“दर भरण्याआधी?”

“आराखड्याच्याही आधी.”

मॅडमनी पर्समधून चिवड्याची पुडी काढली. हे चांगलं लक्षण होतं. “गठ्ठा एकच ठेवायचा,” त्या चावत म्हणाल्या. “आंबेखोल त्यातून सुटता कामा नये. आराखडा बांधणाऱ्याचा, कारण इथे काय वाहून आणता येतं ते त्यालाच कळतं. पण जागा आणि उंची साकव घालणाऱ्यांची. ती करारात लिहायची, आणि तिला ठेकेदाराने हात लावायचा नाही. जुलैत तेवीसही ठिकाणी जो चालत येईल त्यालाच निविदा भरता येईल.”

“जुलैत?” डान्टस म्हणाले. “जळवा असतात, मॅडम.”

“मीठ घेऊन या.”

“आणि काम कधी सुरू करायचं?”

“तेच, नोव्हेंबरात. तुम्ही तोवर येणार नव्हतातच.”

आबा हे सगळं ऐकत होता. त्याला किती कळलं ते माहीत नाही, पण त्याने मला बोलावलं आणि कठड्यासाठी खाली राहिलेल्या ऐनाच्या शेवटच्या दांड्याकडे बोट दाखवलं. “मोजणाऱ्यानय एक उचलूक व्हया.” मी एका टोकाला खांदा दिला. पुढे मिरजेला घरी जाईपर्यंत खांद्यावर निळा डाग होता. सांबारं मी तीन वाट्या खाल्लं.

पाच जूनच्या बैठकीत तावडे म्हणाले की पावसाळ्यात पाहणी ही पद्धत नाही. ते खरंच होतं. मोठ्या साहेबांनी टिपणी चाळली आणि एकच प्रश्न विचारला.

“किती जागा चुकीच्या मोजल्या गेल्या?”

“किमान पंधरा, सर,” मॅडम म्हणाल्या.

“कोणी मोजल्या?”

मॅडमनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, “मी, सर.”

साहेबांनी चष्मा काढला. तावडे खिडकीबाहेर पाहू लागले. माझ्या कंत्राटाचे तीन महिने उरले होते आणि ते आजच संपले असं मी मनात धरून टाकलं.

“चूक नेमकी कुठे आहे ते कळलेलं एकच माणूस आहे आपल्याकडे,” साहेब मॅडमना म्हणाले. “यांचं कंत्राट वाढवा. आणि जुलैत यांनाच फिरवा सगळ्यांना घेऊन.”

जुलैत पाच ठेकेदार आले. दुसऱ्या दिवशी तीन उरले. नऊ दिवसांत तेवीस व्हाळ झाले. ज्या चार ठिकाणी मला ढीग दिसला नव्हता, तिथेही साकव होते. एक तर दोनशे मीटर वर, केवड्याच्या बनामागे. प्रत्येक ठिकाणी वाडीतलं एक माणूस हात पसरून पाणी कुठवर येतं ते दाखवायचं आणि मी ते सेंटिमीटरात लिहायची. डान्टसनी जळवांचा हिशेब ठेवला होता. त्यांच्या पायाला एकूण अकरा, बरोबरच्या एका मोठ्या कंपनीच्या इंजिनिअरला सतरा. “अनुभव,” ते म्हणाले.

काम शेवटी डान्टसना मिळालं. गोव्याच्या हद्दीवर त्यांच्या मेहुण्याचा लोखंडकामाचा कारखाना होता, त्याला त्यांनी भागीदार केलं होतं. आंबेखोलला ते नोव्हेंबरात आले आणि पहिल्या दिवशी एकही गोणी न उतरवता आबासमोर जाऊन बसले. सुपारीची खोडं पलीकडे नेताना दोर कुठे बांधता, किती माणसं लागतात, खोड कुठे अडकतं, सगळं विचारलं. मग साकवाचा सांगाडा चार माणसांना उचलता येईल अशा तुकड्यांत करून आणला. ते तुकडे आबाने दाखवलेल्या फणसाला दोर बांधून पलीकडे ओढले. पाण्यात एकही खांब नाही. दोन कातळांवर टेकलेला, खोबणींच्या साठ सेंटिमीटर वर. अशा सहा साकवांचं काम होईपर्यंत ते डोंगरावर झोपडी घालून राहिले. बायको दोनदा भेटायला आली.

तेवीसातला शेवटचा साकव मेच्या एकवीस तारखेला पुरा झाला. मिरगाच्या आठ दिवस आधीच्या रविवारी आंबेखोलात साकव घालायला कोणी आलं नाही. जेवायला मात्र चौदाही घरं आली. आबाने अकरापैकी आठ खोडांचा जेवणासाठी मांडव घातला होता. उरलेली तीन कातळाच्या पाठीवर पुन्हा नीट रचून ठेवली होती, वर झावळं टाकून.

“ही कशाला, आबा?”

“ऱ्हवांदेत,” तो म्हणाला.

एकोणीस जुलैला मी तिथे होते. तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. खाली काजूपासून बांधापर्यंत तपकिरी पाणी पसरलं होतं आणि दोन कातळांमधून ते इतक्या जोरात येत होतं की बोललेलं ऐकू येत नव्हतं. साकवावर आबा आणि मी पोटावर आडवे झालो. त्याने खोबणीच्या तळाशी टेपचं टोक धरलं, मी दुसरं टोक पाण्यापर्यंत सोडलं. दोनदा लाटेने उडवलं. तिसऱ्यांदा आकडा मिळाला, बावीस सेंटिमीटर. मी तो आबाला ओरडून सांगितला. त्याने ऐकू आलं नाही अशी खूण केली आणि हात पसरून दाखवला.

ती वही तेरा वर्षांनी अजून माझ्याकडे आहे. ‘इतर नोंदी’च्या रकान्यात एक घडी केलेला कागद चिकटवलेला आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो उज्ज्वलाताईने पोस्टाने पाठवला होता. वर शाळेचा शिक्का आहे आणि खाली तिच्या वळणदार अक्षरात एक ओळ. कस्तुरी गवस, इयत्ता पाचवी, जून ते सप्टेंबर: शाळेचे दिवस चौऱ्याऐंशी, हजर त्र्याऐंशी.